टॉवेलचं प्रदर्शन आणि शंभर किलोचा मासा

काका, नमस्कार. वय ५६. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे, आता मुलगा बघतो. आम्ही चौघं शाळेपासूनचे मित्र. शाळा बुडवून हिप्परग्याच्या तळ्यावर गळ टाकून बसायचो, आजही महिन्यातून एकदा उजनीच्या पाण्यावर जातो. माझा आजवरचा सगळ्यात मोठा मासा म्हणजे नऊ किलोचा कटला. मोबाईलवर थायलंडचे व्हिडिओ बघून बघून आम्ही ठरवलंय, गड्डा यात्रा आटोपली की दहा दिवस तिकडे जायचं आणि आयुष्यात एकदा तरी शंभर किलोचा मासा गळाला लावायचा. तिथे मासा धरतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. अडचण अशी की घरी मी ‘बँकॉकला टॉवेलचं प्रदर्शन आहे’ असं सांगून बसलोय. सौ. माळकरी आहे, दर सोमवारी सिद्धेश्वराच्या तळ्यात माशांना लाह्या टाकते. मागे एकदा म्हणाली होती, ‘खायला धरता ते एकवेळ समजतं, पण धरून सोडायचं म्हणजे नुसता छळच की.’ मला उत्तर सुचलं नाही. त्यात थायलंड म्हटलं की लोक डोळा मारतात. आता ती विचारतेय नमुने कोणते नेणार, आणि सून म्हणतेय मी पण येते प्रदर्शनाला. एवढा पैसा घालून जावं का? कुठे जावं? घरी काय सांगावं?
– गळवाला, सोलापूर

कारखानदार साहेब,

आधी प्रदर्शनाचं बघू. मासा पाण्यातच आहे, कुठे पळून जात नाही.

तुमची थाप टिकायची नाही. चौघं मित्र, चार मोबाईल, चार घरं. शंभर किलोच्या माशाबरोबर काढलेला फोटो कुणालाच न दाखवणारा माणूस सोलापुरात अजून जन्माला यायचाय. तुम्ही गप्प बसलात तरी तिघांतला एकजण रात्री दोन वाजता ग्रुपवर टाकणार, आणि सकाळच्या चहाला तो तुमच्या सुनेच्या हातात असणार. मग भांडण माशावरून होणार नाही. ‘प्रदर्शन म्हणून सांगितलंत, मग आणखी काय काय लपवलंत’ यावरून होईल, आणि थायलंडच्या नावाला डोळा मारणाऱ्यांना तुम्ही स्वतःहून दारूगोळा पुरवलेला असेल. साधं गळ टाकायला चाललोय म्हणून सांगितलं असतंत तर संशयाला जागाच नव्हती. थायलंडचं नाव आपण नाहीतरी फुकट खराब करतो. आपल्याकडे बंदी असलेला तो थाई मांगूर घ्या, मूळचा आफ्रिकेचा, पण नाव चिकटलं बिचाऱ्या थायलंडला.

तर थाप आजच मोडा. कशी, ते शेवटी सांगतो, कारण घरी काय सांगायचं हे तुम्ही तिथे नक्की काय करायला चाललाय त्यावर ठरणार आहे. आणि तुमच्या पत्रावरून मला शंका येते की ते तुम्हालाही पुरतं माहीत नाही.

मी स्वतः गेलोय, नऊ-दहा वर्षं झाली. तुमच्यासारखंच व्हिडिओंनी वेड लावलं होतं. गेल्यावर पहिल्या तासाभरात कळलं की हा हुरड्याचा प्रकार आहे. आपल्या शेतात आगटी पेटवून हुरडा खायचा वेगळा, आणि माणशी पैसे भरून हुरडा पार्टीला जायचं वेगळं. कणीस तेच, चटणी तीच, पार्टीत मजाही येते, पण ज्वारी कुणी पेरली, राखली कुणी, हे विसरून ‘मी पिकवलं’ म्हणू नये. थायलंडमधली बहुतेक मोठ्या माशांची ठिकाणं म्हणजे अशी राखलेली तळी. मालकानं मासे आणून सोडलेले, वर्षानुवर्षं पोसलेले. बँकॉकमधलं बुंगसामरान हे तळं त्यात सगळ्यात गाजलेलं. पाण्यावर लाकडी खोल्या, ओट्यावर खुर्ची, हाताशी काठी, शेजारी तिथला वाटाड्या. मासा लागणार हे जवळजवळ नक्की. किती मोठा लागणार, एवढाच प्रश्न. वीस-तीस-चाळीस किलोचे नित्याचे. शंभरी गाठणारे थोडे. तेव्हा ‘शंभर’ हा आकडा डोक्यातून काढा, नाहीतर ऐंशी किलोचा लागल्यावरही तोंड पाडून बसाल.

त्या तळ्यातला मुख्य मासा म्हणजे मेकाँग नदीचा महाकाय मासा. तिकडे त्याला ‘प्ला बुक’ म्हणतात. आपल्या बाजारात पंगस येतो ना, त्याचा हा सख्खा थोरला चुलता. थायलंडच्या उत्तरेला मेकाँग नदीत २००५ साली सापडलेला एक मासा २९३ किलोचा होता, लांबी २.७ मीटर. आता सौ.ना सांगायची गोष्ट ऐका: एवढं धूड, पण मोठा झाला की याच्या तोंडात दात राहत नाहीत आणि नदीत तो शेवाळ-वनस्पती खाऊन जगतो. माळकरीच म्हणा. तळ्यात त्याला आमिष म्हणून तांदळाच्या कोंड्यात नारळाचं दूध कालवून, लाडवासारखे गोळे करून लावतात. आपण कटल्याला कणीक आणि पेंड लावतो त्याचीच थोरली बहीण. मी पहिला गोळा वळला तेव्हा वाटाड्या हसला आणि त्यानं माझ्या गोळ्याच्या तिप्पट मोठा वळून दाखवला.

नदीत मात्र हा मासा संपत आलाय. धरणं, जाळी, वर्षानुवर्षांची मासेमारी. जगातल्या अतिधोक्यातल्या जातींमध्ये त्याची गणना होते. थायलंडच्या मत्स्य खात्यानं १९८३ साली त्याची कृत्रिम पैदास साधली, तेव्हापासून तळ्यांत दिसतात ते त्या वंशातले. म्हणजे तळ्यातला मासा धरला म्हणून नदीतला कमी होत नाही. हा एक मुद्दा तुमच्या बाजूचा.

तळ्यांत दुसरेही असतात. सयामी कार्प म्हणून एक आहे, मोठ्या डोक्याचा, मोठ्या खवल्यांचा, आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला पण अवाढव्य. कंबोडियाचा तो राष्ट्रीय मासा. तुम्ही कटल्यावाले, तुम्हाला त्याचीच ओढ लागेल बघा. त्याला धीर लागतो, दिवसभरात एखादी ओढ आली तरी नशीब. याउलट ॲमेझॉनचा अरापायमा, अमेरिकेचा मगरतोंड्या गार, लाल शेपटीचा ॲमेझॉनी मासा हे सगळे बाहेरून आणून सोडलेले. ते धरायला मजा येते, नाही म्हणत नाही. पण बाहेरून आलेल्या चिलापी माशानं उजनीतल्या देशी माशांचं काय केलं हे ज्यानं पाहिलंय, त्याला परमुलखाचे मासे तळ्यात बघून पुरानंतर ते कुठे जातात असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. मी विचारला होता. उत्तर हसण्यावारी गेलं.

आता शरीराचं. उजनीवर मोरपिसाची काडी बुडाली की आपण झटका देतो, दोन मिनिटांत मासा काठावर. तिथे माझा पहिला मासा पंचवीस-सव्वीस किलोचा असेल, त्यानं मला चाळीस मिनिटं नाचवलं. काठी पोटाला लावायला एक पट्टा देतात, तो मी मर्दपणापायी नको म्हणालो. रात्री पोटावर बशीएवढा काळानिळा डाग आणि कंबर अशी धरलेली की पलंगावरून उठायला मित्राचा हात लागला. दुसऱ्या दिवशी पट्टा मुकाट्यानं बांधला. सोलापूरच्या उन्हात वाढलोय असं म्हणून छाती फुगवू नका, आपलं ऊन कोरडं, तिथला उकाडा ओला, घाम वाळतच नाही. चौघांपैकी कुणाला बीपी, साखर, हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना ‘थायलंडला फिरायला चाललोय’ एवढं सांगून भागणार नाही, अर्धा-पाऊण तास पन्नास किलोचं वजन ओढणार असल्याचं सांगा. प्रवास विमा काढताना जुने आजार लपवू नका, ऐन वेळी तेच नडतं.

आता तुमच्या सौ.चा प्रश्न. तुम्हाला उत्तर सुचलं नाही, कारण त्याला सोपं उत्तर नाही. गावाकडचा भोई हेच म्हणेल: खायचा नाही तर धरायचा कशाला? ‘माशाला काही कळत नाही’ असलं काहीतरी त्यांना सांगू नका. गळ टोचल्यावर तो जीव खाऊन पळतो हे तुम्ही तीस-चाळीस वर्षं हातानं अनुभवलंय. छळ होतो. प्रश्न आहे तो किती होतो आणि तुम्ही तो किती कमी करता याचा.

आणि तो बराच कमी करता येतो. उलटा काटा नसलेला गळ लावला तर तो पटकन निघतो, जखम लहान राहते. दोरा जाड हवा, म्हणजे झुंज लांबत नाही. जास्त दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो, हे व्हिडिओत दिसत नाही. मोठा मासा पाण्याबाहेर उचलायचा नाही. पाण्यात त्याचं वजन पाणी पेलतं, बाहेर काढला की स्वतःच्याच भारानं आतले अवयव दबतात. चांगल्या ठिकाणी वाटाड्या तुम्हालाच पाण्यात उतरवतो, मासा कमरेएवढ्या पाण्यात, फोटो तिथेच, आणि तो सावरेपर्यंत धरून मग सोडतो. अरापायमाची तर आणखी एक गंमत, तो आपल्यासारखा हवेत श्वास घेतो. दर दहा-वीस मिनिटांनी पृष्ठभागावर येऊन घोट घेतो. दमलेला अरापायमा पाण्याखाली दाबून धरला तर मासा असून बुडून मरतो.

म्हणून जागा निवडताना ‘सगळ्यात मोठा मासा किती किलोचा’ हा पहिला प्रश्न विचारू नका. मासा बाहेर काढून मांडीवर घेऊ देता का, ते विचारा. ‘हो, हो, घ्या की’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

आणि संख्येची हाव नको. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझे सात मासे झाले होते. आठवा ओढताना एकाएकी मला आपण कापडाच्या गिरणीत पाळी भरतोय असं वाटलं. काठी ठेवली, चहा घेतला आणि संध्याकाळपर्यंत नुसतं पाणी बघत बसलो. ती संध्याकाळ मला त्या सात माशांपेक्षा जास्त आठवते. दिवसाला दोन-तीन धरा, पुरे. दहा दिवस तळ्यावर तर अजिबात काढू नका. तीन दिवस तळं, आणि हिंमत असेल तर दोन दिवस नदी.

नदी म्हणजे मे क्लोंग. बँकॉकच्या पश्चिमेला, गाडीनं दीड-दोन तास. तिच्या तळाशी गोड्या पाण्यातला महाकाय पाकट राहतो, थाळीसारखा गोल, अंगणभर पसरलेला. हा कुणी पोसलेला नाही, अस्सल नदीचा. होडीत बसायचं, खोल पाण्यात आमिष सोडायचं आणि वाट बघायची. दोन दिवसांत एकही न लागणं अगदी शक्य आहे. लागला तर चौघांना आळीपाळीनं काठी धरावी लागते, कारण तो तळाला चिकटून बसतो आणि हलतच नाही. जमिनीत पुरलेली जात्याची तळी उपसल्यासारखं. शेपटीवर विषारी काटा असतो, वाटाडे आधी त्यावर कापड गुंडाळतात, तोवर जवळ जायचं नाही. गळ्यातल्या ताईताची शपथ घालून सांगतो, तिथे शहाणपणा करू नका.

शेजारच्या कंबोडियात जून २०२२ मध्ये मेकाँगमध्ये असाच पाकट एका कोळ्याच्या गळाला लागला, ३०० किलोचा, मादी. गोड्या पाण्यातला नोंदवलेला सगळ्यात वजनदार मासा तोच. कोळ्याला बाजारभावानं पैसे देऊन अभ्यासकांनी तिच्या अंगावर खुणेचं यंत्र बसवलं आणि तिला परत सोडलं. नाव ठेवलं बोरामी, तिकडच्या ख्मेर भाषेत पौर्णिमा. उच्चारून बघा, शब्द आपल्याच घरातला वाटतो की नाही. ही गोष्ट सौ.ना जरूर सांगा. धरून सोडण्यालाही कधी कधी अर्थ असतो, तो असा.

पण मे क्लोंगची दुसरी गोष्टही ठाऊक असू द्या. २०१६ साली तिथे काही आठवड्यांत सत्तरच्या आसपास पाकट मेले. चौकशीत इथेनॉलच्या कारखान्यातून नदीत गेलेल्या मळीच्या पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. मळी म्हणजे काय हे सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. काळं पाणी आलं की दुसऱ्या दिवशी काठाला पांढरी पोटं, हे आपण भीमा-सीनेला पाहिलंय. मी तिथे ते ऐकलं आणि क्षणभर मला घरी आल्यासारखं वाटलं, लाजही वाटली.

इतर देशांचं थोडक्यात, कारण तुमचं मन थायलंडवर बसलंय आणि खिशालाही तेच बरं. स्पेनमधल्या एब्रो नदीत १९७४ साली सोडलेले ‘वेल्स’ नावाच्या जातीचे मासे आज माणसापेक्षा लांब झालेत, पण युरोपचा व्हिसा आणि खर्च बघा. कॅनडाच्या फ्रेझर नदीत पांढरा स्टर्जन मिळतो, शंभर वर्षांहून जास्त जगणारा, तो सोडावाच लागतो असा तिथला कायदा. अरापायमा त्याच्या स्वतःच्या नदीत बघायचा तर गयानातलं रेवा गाव, तिथले आदिवासी लोकच ते सगळं चालवतात. माझी ती इच्छा राहिली ती राहिलीच. आणि ‘आपल्या देशात का नाही’ असं कुणी विचारलं तर कावेरीचं नाव घ्या. म्हैसूरकडे कावेरीच्याच उपनदीत, कबिनीत, १९४६ साली १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोचा महसीर गळाला लागल्याची नोंद आहे. त्या कुबडवाल्या महसीरची आज अशी अवस्था आहे की त्याच्या वाटेला न गेलेलंच बरं.

व्यवहाराचं दोन शब्दांत सांगतो. ‘सगळं पॅकेजमध्ये’ या शब्दावर जाऊ नका. मला एका एजंटानं असंच सांगितलं होतं आणि तळ्यावर गेल्यावर आमिषाचे वेगळे, काठीच्या भाड्याचे वेगळे, वाटाड्याचे वेगळे, आणि मित्राच्या हातून काठी मोडली तिचे भलतेच वेगळे. प्रत्येक गोष्ट लेखी मागा. स्वतःच्या काठ्या नेऊ नका, उजनीची काठी तिथे काडीपेटीच्या काडीसारखी मोडेल. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकिटाआधी थायलंडच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा. मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत, ऑनलाइन. ते फुकट आहे. कुणी त्याचे पैसे मागत असेल तर तुम्ही चुकीच्या साइटवर आहात. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सकाळी मुंबईत उतरून त्याच सकाळचं विमान पकडायचा पराक्रम करू नका, एक दिवस हाताशी ठेवा.

आता घरचं. मला वाटतं, सौ.ना नुसतं सांगू नका, विचारा. ‘प्रदर्शन वगैरे काही नाही, मासे धरायला चाललोय, तू हसशील नाहीतर चिडशील म्हणून खोटं बोललो.’ एवढं एक वाक्य, जेवणं झाल्यावर, सून-मुलगा समोर नसताना. दोन दिवस अबोला होईल, तो सहन करा. तिसऱ्या दिवशी त्या दातच नसलेल्या माळकरी माशाची गोष्ट सांगा. आणि त्यांना बरोबर यायचं असेल तर येऊ द्या. मित्रांची तोंडं वाकडी होतील, होऊ देत. थायलंडात नदीकाठच्या अनेक देवळांपाशी लोक माशांना पाव टाकतात. तिथे गळ टाकायला बंदी, त्यामुळे मासे इतके माजलेले की पाणी उकळल्यासारखं दिसतं. आपल्याकडे महाडजवळ वाळणकोंडीत देवीचे मासे राखलेत ना, अगदी तसंच. तुम्ही तळ्यावर काठी धरून बसा, त्या देवळाच्या पायरीवर पाव घेऊन बसतील. जेवणाचं एक लक्षात ठेवा. तिथे भाजीतसुद्धा माशाचं पाणी घालतात, ‘नाम प्ला’ म्हणून. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. ‘जे’ असं म्हणायचं, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असलेलं दुकान शोधायचं, तिथे मांसमच्छीच काय, कांदा-लसूणही नसतो. तरी सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असू द्या, दहा दिवसांत उतारा लागतो.

सून येते म्हणाली तर तिलाही खरं सांगा. मासे धरायला जायचंय म्हटल्यावर ती आपणहून बेत रद्द करेल. किंवा तुमच्या आधी पट्टा बांधून तयार बसेल, सांगता येत नाही.

आणि निघताना बॅगेत कारखान्यातले पाच-सहा टॉवेल टाका, चांगल्यातले. वाटाडा दिवसभर तुमच्यासाठी कमरेएवढ्या पाण्यात उभा असतो. संध्याकाळी टीप देताना वर एक टॉवेल द्या. हातात घेऊन, उलटसुलट करून, वीण बघतील ते. तेवढं प्रदर्शन मात्र नक्की करून या.